लघुउद्योजकांनो, बिलाची वसुली हा आपला हक्क आहे
गिऱ्हाईक नाही म्हणून धंदा बुडतो, असे आपण समजतो. पण भरपूर काम असूनही पैसा अडकल्याने तो बुडतो. म्हणून व्यवस्थापनाचा पहिला धडा वसुलीचा, असे आम्ही मानतो. उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांना २००६ चा एमएसएमईडी कायदा संरक्षण देतो. माल स्वीकारल्यापासून खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. तक्रार राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे करता येते. त्यासाठी काम घेण्याआधीच मोफत उद्यम नोंदणी करा, ऑर्डर लेखी घ्या, सही-शिक्क्याची पोच जपून ठेवा. कामगारांचा पगार वेळेवर झाला, तरच मालकाच्या नेतृत्वाला अर्थ आहे.