मेलॅटोनिन आणि नर प्राण्यांचे प्रजनन : एका गृहीतकाचा इतिहास

मेंदूतील पिनीयल ग्रंथीचा प्रजननाशी असलेला संबंध प्रथम रुग्णनोंदींतून पुढे आला. १८९८ मध्ये जर्मन बालरोगतज्ज्ञ ओटो ह्यूब्नर यांनी या ग्रंथीची गाठ असलेल्या आणि अकाली वयात आलेल्या एका मुलाची नोंद केली. ही ग्रंथी जननग्रंथींना आवर घालते, या समजुतीस त्यामुळे बळ मिळाले. १९५८ मध्ये येल विद्यापीठातील आरन लर्नर यांनी गुरांच्या पिनीयल ग्रंथींतून मेलॅटोनिन वेगळे केले. लर्नर त्वचारोगतज्ज्ञ होते. त्यांना त्वचेच्या रंगाचे कोडे सोडवायचे होते, प्रजननाचे नव्हे.

१९६५ मध्ये हॉफमन व रायटर यांनी सोनेरी हॅमस्टरच्या नरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. दिवसातून केवळ एक तास प्रकाश मिळालेल्या नरांची वृषणे आक्रसली. पिनीयल ग्रंथी काढलेल्या नरांत मात्र तसे घडले नाही. मेलॅटोनिन हे ‘जननग्रंथीविरोधी’ संप्रेरक आहे, हे आता जणू सिद्धच झाले होते.

तथापि हे विशेषण घाईचे ठरले. १९७६ मध्ये टॅमार्किन व सहकाऱ्यांनी हॅमस्टरांना रोज मेलॅटोनिन टोचले. सकाळी टोचल्यास वृषणांवर परिणाम होत नसे. दुपारनंतर टोचल्यास ती आक्रसत. द्रव्य एकच, परिणाम निराळा. मेलॅटोनिन रात्रीच स्रवते. म्हणून त्याच्या स्रावाचा कालावधी शरीराला रात्रीची लांबी कळवतो. ते निरोप्या आहे, शासक नव्हे.

मेंढ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. शरद ऋतूत रात्री लांबू लागल्या की मेंढ्याची वृषणे वाढतात आणि टेस्टोस्टेरॉनचे प्रमाणही वाढते. हॅमस्टरची गर्भावस्था सुमारे १६ दिवसांची, तर मेंढीची सुमारे पाच महिन्यांची. वसंतात पिल्ले जन्मावीत म्हणून दोघांचे समागमाचे हंगाम भिन्न. त्यामुळेच मेंढपालनात कानामागे त्वचेखाली मेलॅटोनिनची गुटिका बसवून हंगाम लवकर आणता येतो. ज्याला जननग्रंथीविरोधी म्हटले, तेच द्रव्य येथे प्रजननाला चालना देते.

हा निरोप मेंदूत कोठे वाचला जातो, याचा माग पुढे हायपोथॅलॅमसपर्यंत लागला. २००६ मध्ये रेव्हेल व सहकाऱ्यांना आढळले की, अल्पकाळ प्रकाश मिळणाऱ्या हॅमस्टरांत किसपेप्टिनची निर्मिती घटते आणि पिनीयल ग्रंथी काढल्यास ती घट होत नाही. अशा हॅमस्टरांना बाहेरून सतत किसपेप्टिन पुरवले असता, प्रकाश न वाढवताही त्यांची वृषणे पुन्हा कार्यरत झाली.