विडीचा कट्टा आणि व्यंगचित्र

गोंदिया जिल्ह्यांतील सालेकसा तालुक्यांत कचारगडाची प्रचंड गुहा आहे. माघी पौर्णिमेस तेथें गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, हें पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु उन्हाळ्यांत ह्याच बाजूच्या रानांत तेंदूचीं पानें खुडलीं जातात, त्यांच्या विड्या होतात आणि कट्ट्यावर कारखानदाराचा रंगीत छाप चिकटतो, इकडे आम्हां पांढरपेशांचें लक्ष क्वचितच जातें. विडी वळणाऱ्याच्या हातीं पडणारें चित्र बहुधा एवढेंच, आणि तेंहि मालकाचें!

धनिकांस चिमटे घेणारें चित्र विलायतेंत वाढलें. खाणींतील मुलांच्या हालांविषयीं १८४२ सालीं सरकारी अहवाल निघाला आणि पुढच्याच वर्षीं लंडनच्या 'पंच' पत्रानें भांडवल व श्रम यांचें चित्र छापिलें : वरतीं सुखासीन धनिक, खालीं जमिनीच्या पोटांत राबणारे जीव. 'कार्टून' हा शब्द विनोदी चित्रास लागला तोहि त्याच वर्षीं, त्याच पत्रांतून. पुढें १९११ सालीं अमेरिकेंत ह्या दोन मजल्यांचा मनोराच झाला. शिखरावर पैशाची थैली. खालीं राजे, पुरोहित, शिपाई, मेजवानी झोडणारे. आणि तळाशीं सर्वांचा भार वाहणारे कामकरी.

गिरणीवर असें चित्र बेतणें सोपें. भोंगा आहे, धुराडें आहे, मालकाचा बंगला आहे. विडीच्या धंद्यांत बाई आपल्याच ओसरीवर विड्या वळते. पानतंबाखू देणारा ठेकेदार पुष्कळदां बेताच्याच स्थितीचा. मालक दृष्टीसहि पडत नाहीं. नाडणूक होते ती छाटणीच्या वेळीं. मोजून आणलेल्या विड्यांतून मूठभर 'खराब' म्हणून बाजूस सारल्या कीं तेवढी मजुरी बुडाली! १९६६ च्या विडी कामगार कायद्यांत नाकारलेल्या विड्यांच्या तंट्यासाठीं मुद्दाम तरतूद करावी लागली ती ह्याचसाठीं. ढेरपोट्या शेटजी येथें निरुपयोगी. तो हसवितो, पण ही मूठ दाखवीत नाहीं.

मराठींत व्यंगचित्रास हक्काचें साप्ताहिक मिळालें तें १९६० सालीं, 'मार्मिक'च्या रूपानें. त्याचा कुंचला लाल बावट्याच्या पुढाऱ्यांवरच मोठ्या आवेशानें चालला, हें जातां जातां नमूद केलें पाहिजे. आम्हांस अधिक मोलाचे वाटतात ते बंगालचा दुष्काळ रेखाटून मुंबईस येऊन राहिलेले चित्तप्रसाद. १९५२ सालच्या त्यांच्या लिनोछापांत शेटजीचें प्रस्थ नाहीं. आहेत तीं कामाला जुंपलेलीं पोरें. तेथें हसूं येत नाहीं.