किनाऱ्यावरून बास पकडताना दोरी आणि लीडर किती मजबूत हवा?

ब्रिटन-आयर्लंडच्या खडकाळ किनाऱ्यावर गळाला लागणारा सी बास बहुधा 1 ते 3 किलोंचा असतो. तरी रिळावर 15 ते 20 पौंड, म्हणजे सुमारे 7 ते 9 किलो ताण सोसणारी दोरी भरतात. कारण मासा नव्हे, खडक.

विणलेली दोरी बारीक असल्याने आमिष लांब जाते, पण शिंपल्यांनी भरलेल्या खडकावर घासली की चटकन तुटते. म्हणून टोकाला मीटर-दीड मीटर फ्लुरोकार्बनचा लीडर जोडतात. तो घासणे जास्त सोसतो आणि पाण्यात कमी दिसतो.

लीडर मुख्य दोरीपेक्षा थोडा कमजोर ठेवावा. गळ कपारीत अडकला तर तोच तुटतो. नाहीतर लांबलचक दोरी समुद्रात राहते आणि तिच्यात पक्षी, सील अडकतात. गाठीनेही ताकद घटते. ती ओली करूनच आवळावी.

कोकणातल्या जिताड्याला, म्हणजे आशियाई सी बासला, हे गणित चालत नाही. तो बराच मोठा होतो आणि त्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार असते. तिथे लीडर दोरीपेक्षा जाड, 40 पौंडांचा किंवा त्याहून अधिक लागतो.