काकू, काय मारू?

कॉलनीत कुणाचा गुलाब आजारला की पान घेऊन मंडळी माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेला: "काकू, काय मारू?" औषधाचं नाव हवं असतं, रोगाचं नको. माझं माहेर निफाडकडचं, द्राक्षबागेतलं. तिथे आधी पान उलटून बघायची सवय लागली. बोटाने पुसली जाणारी पांढरी भुकटी म्हणजे भुरी. द्राक्षाच्या पानावर वरून तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरी बुरशी असेल तर केवडा. गुलाबावरचे काळे, फाटक्या कडांचे ठिपके वेगळेच. भुरीला गंधक चालतं, केवड्याला मोरचूद.

ही दोन्ही औषधं बागेतच सापडली. १८४५ साली इंग्लंडमध्ये मार्गेट इथे टकर नावाच्या माळ्याला काचघरातल्या द्राक्षवेलीवर भुरी दिसली. त्याने गंधक आणि चुना वापरून पाहिला, गुण आला. वनस्पतिशास्त्रज्ञ बर्कले यांनी त्या बुरशीला टकरचंच नाव दिलं. माळ्याच्या नावाने रोग ओळखला जावा, हा मान की शिक्षा, कोण जाणे! पुढे १८५२ मध्ये वर्सायच्या काचघरांचे माळी ग्रिझाँ यांनी गंधक आणि चुना एकत्र उकळून फवारा केला.

मोरचुदाची गोष्ट मात्र चोरांमुळे घडली. अमेरिकी वेलींबरोबर केवडा फ्रान्समध्ये पोहोचला आणि १८७८ नंतर बागा ओस पडू लागल्या. १८८२ च्या ऑक्टोबरात बोर्दो विद्यापीठाचे प्राध्यापक मियार्दे मेदोक भागातल्या सँ-ज्युलियाँच्या बागेतून जात होते. बाकी बागेची पानं झडलेली, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार. चौकशी केली तर कळलं, वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून तिथे निळसर विषारी दिसेल असा मोरचूद-चुन्याचा सडा मारला होता. रसायनतज्ज्ञ गायाँ यांना सोबत घेऊन मियार्द्यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली प्रमाण जाहीर केलं: १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद आणि ३० लिटर पाण्यात १५ किलो चुना. दाट काला व्हायचा तो, झाडूने शिंपडायचे.

आमच्याकडे एक टक्क्याचं मिश्रण करायचे: १०० लिटर पाण्याला एकेक किलो. धातूचं भांडं वर्ज्य. दोन्ही द्रावणं वेगळी करून मग एकत्र ओतायची. वडील त्यात घासलेला लोखंडी विळा बुडवत. पात्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडलाय, अजून घाला. तपासायला एवढं पुरे होतं.

मोरचुदातलं तांबं पानावर आधीच बसलेलं असावं लागतं, तरच ते रोग रोखतं. आत शिरलेली बुरशी त्याने जात नाही. म्हणून फवारणी पावसाआधी करा, ठिपकेवाली पानं तोडून जाळा आणि कालवलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. गंधक मात्र कडक उन्हात मारू नका, पानं करपतात.