आपला असील विलायतेला गेला आणि ब्रॉयलर होऊन परत आला



कामठीच्या बाजारात पिंजऱ्यातली पांढरी ब्रॉयलर पाहून आपण म्हणतो, ही विलायती कोंबडी. पण तिच्या रक्तात आपला असील आहे. बस्तर, आंध्रकडचा उंच, झुंजीचा कोंबडा तो असील.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला असील इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात गेले. तिथल्या कोंबड्यांशी संकर होऊन रुंद छातीची जात तयार झाली. तिचं पहिलं नाव 'इंडियन गेम', पुढे 'कॉर्निश'.

१९४८ साली अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' नावाची स्पर्धा झाली. देशभरातून अंडी मागवली, एकाच ठिकाणी उबवली, सगळ्या पिलांना सारखंच खाद्य दिलं आणि बारा आठवड्यांनी त्यांची पारख केली. जिंकला तो कॉर्निशचा संकर. त्यानंतर दर पिढीत लवकर वाढणारी कोंबडीच वंशाला ठेवली गेली. कॅनडात २०१४ साली एक तुलना प्रसिद्ध झाली. सारख्याच खाद्यावर ५६ दिवसांत १९५७ च्या वाणाची कोंबडी भरली ९०५ ग्रॅम, तर २००५ च्या वाणाची ४,२०२ ग्रॅम.

आपल्याकडे पुण्यात १९७१ साली बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि ब्रॉयलर गावोगाव पोचली.

पण नुसतं वजन पाहिलं की बाकीचं सुटतं. ब्रॉयलरच्या पायांवर, हृदयावर ताण येतो. ती खुडूकही बसत नाही. परसासाठी बंगळूरला गिरिराज आणि हैदराबादला वनराज तयार झाली. वजनाला चांगली, पण तीही क्वचितच खुडूक बसतात. म्हणजे पिलं दरवेळी विकत आणायची. आपली गावरानी मात्र स्वतः अंडी उबवते, पिलं सांभाळते. तिचं बी आपल्या घरात आहे.

आता आपल्या खुराड्यात काय होतं ते पाहा. पाहुणा आला की सगळ्यात मोठा कोंबडा आधी कापला जातो. व्यापारीही तोच उचलतो. मागे राहतो तो किरकोळ, आणि पुढच्या पिलांचा बाप तोच होतो. निवड आपणही करतो, पण उलटी.

ती सरळ करायला पैसा लागत नाही. एकाच वेळी निघालेल्या पिलांच्या पायात रंगीत दोरा सैल बांधा. पिलं वाढली की दोरा बदला. आठ आठवड्यांनी वजन करून वहीत लिहा. सगळ्यात भारी, निरोगी कोंबडा राखा, आणि तोही चांगली खुडूक बसणाऱ्या, पिलं जगवणाऱ्या कोंबडीचाच. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. दरवर्षी दुसऱ्या गावच्या गटाशी कोंबडे बदलून घ्या, म्हणजे बाप-लेकीचा संबंध होणार नाही.

येत्या सणाला दुसऱ्या नंबरचा कोंबडा विका. पहिल्या नंबरचा घरी राहू द्या.