विज्ञानपट : देशीपण आणि माणुसकी

परग्रहवासी, अंतराळयान, यंत्रमानव अशा कल्पित विज्ञानावर बेतलेला चित्रपट म्हणजे विज्ञानपट. माणूसजात एक आहे, हा या प्रकाराचा जुना ध्यास; पण तो ‘एक माणूस’ बहुधा कुठल्या तरी एका देशाचा निघतो. ‘इंडिपेंडन्स डे’मध्ये (१९९६) परग्रहवासीयांशी सारे जग लढते आणि ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन साऱ्या जगाचा होऊन बसतो. अशा चित्रपटांच्या तुलनेत भारतीय विज्ञानपट उसना वाटतो, कारण त्यातली यानेबिने परकी दिसतात, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. सोव्हिएत आराखड्याची मिग विमाने बांधण्यासाठी नाशिकजवळ ओझरला १९६४ साली कारखाना उभा राहिला, म्हणून तिथल्या कामगारांचे कसब परके ठरले नाही. याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कॅमेरा आणला तो लंडनहून. त्याने त्यांनी आधी टिपला कुंडीतला वाटाणा : दिवसांमागून दिवस थोडे थोडे चित्रण करून, कोंब डोळ्यांदेखत वर येताना दाखवणारा ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट. पुढे त्याच विद्येने त्यांनी ‘लंकादहन’ (१९१७) केला. देशीपण यंत्रात नव्हते, ते यंत्राकडून काय दाखवून घ्यायचे या निवडीत होते.

नागपुरात वाढलेल्या आरती कडव यांच्या ‘कार्गो’ (२०१९) या हिंदी चित्रपटात ही निवड फार समंजसपणे झाली आहे. पुष्पक नावाच्या यानात मेलेली माणसे येतात. त्यांच्याजवळच्या वस्तू काढून घेतल्या जातात, जखमा भरल्या जातात, आठवणी पुसल्या जातात आणि पुनर्जन्मासाठी त्यांची पाठवणी होते. हे काम एकट्याने करत आलेला प्रहस्थ राक्षस आहे. रावणाच्या सेनापतीचे नाव त्याला दिले आहे. रामकथेने ज्याला शत्रू ठरवले, तोच इथे माणसांची शेवटची काळजी घेतो. पुराणांचा आधार घेतला की राष्ट्रीय ओळख एका धर्मापुरती आक्रसते, ही शंका रास्त आहे आणि पुनर्जन्माच्या बाबतीत ती पुरती फिटत नाही. तरी या कथेत राक्षस ‘आपल्यात’ येतो, म्हणजे ओळखीचे कुंपण आतूनच सरकते. यानात आलेल्यांना कुणी जात वा देश विचारत नाही. खुर्चीत बसवून त्यांच्या जखमा तेवढ्या पाहिल्या जातात.