कॅल्किन्सबाईंच्या जोड्या

बी.ए.च्या मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत युग्म-साहचर्याचा प्रयोग असतो. प्रयुक्ताला शब्दांच्या जोड्या दाखवायच्या, मग जोडीतला पहिला शब्द पुढे करून दुसरा विचारायचा आणि चुका मोजायच्या. हे प्रात्यक्षिक मी निवृत्त होईपर्यंत घेतलं. जर्नलं तपासताना 'निष्कर्ष' या मथळ्याखाली एक वाक्य हमखास भेटायचं: मुलींची स्मरणशक्ती मुलांपेक्षा चांगली असते. पाच-सात मुली, तेवढेच मुलगे, एका दुपारचं काम, आणि निष्कर्ष मात्र अख्ख्या मानवजातीबद्दल! ही पद्धत जिने घडवली, तिची हकिकत मुलांना आधी सांगायला हवी, असं मला दरवेळी वाटे.

मेरी व्हिटन कॅल्किन्स वेलस्ली या मुलींच्या कॉलेजात ग्रीक शिकवत. कॉलेजला मानसशास्त्राचा वर्ग सुरू करायचा होता, म्हणून त्या शिकायला निघाल्या. 1890 साली हार्वर्डमध्ये बाईला प्रवेश नव्हता. खटपटीनंतर वर्गात बसायची मुभा मिळाली, विद्यार्थी म्हणून नोंद मात्र झाली नाही. विल्यम जेम्सच्या वर्गातले बाकीचे विद्यार्थी गळाले आणि शेकोटीच्या एका बाजूला जेम्स, दुसऱ्या बाजूला त्या, असे धडे चालले. 1891 मध्ये त्यांनी वेलस्लीत प्रयोगशाळा उभारली. पुढे हार्वर्डला म्युन्स्टरबर्गच्या हाताखाली त्यांनी स्मरणाचे प्रयोग केले. आधी एक रंग दाखवायचा, पाठोपाठ एक अंक; नंतर नुसता रंग दाखवून अंक आठवायला लावायचा. जोडी ठळक असली तर काय होतं, अगदी ताजी असली तर काय, पुन्हा पुन्हा आली तर काय, हे त्यांनी एकेक करून तपासलं. पुन्हा पुन्हा येण्याचा जोर सर्वांत जास्त भरला. आमच्या जर्नलातला प्रयोग याच कामातून आलेला आहे.

1895 साली त्यांची परीक्षा झाली. परीक्षकांनी पीएच.डी.ची शिफारस केली, हार्वर्डने नाकारली. 1902 मध्ये रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजाची पदवी देऊ केली गेली. काम हार्वर्डला केलं आणि पदवी दुसरीकडची, हे न पटून त्यांनी ती घेतली नाही. 1905 साली त्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. 1927 मध्ये हार्वर्डच्याच 13 पदवीधरांनी त्यांच्यासाठी अर्ज केला, तोही फेटाळला गेला. माझ्या मते त्या संस्थेच्या इतिहासातली ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

त्या काळी स्त्रीच्या बुद्धीवर बोलायला प्रयोगाची गरज कुणाला वाटत नसे. 1887 साली जॉर्ज रोमानीसने स्त्रीचा मेंदू सुमारे 5 औंस हलका असतो, या आधारावर तिची बुद्धीही कमी ठरवून टाकली होती. 1891 मध्ये विस्कॉन्सिनच्या जोसेफ जॅस्ट्रोने निदान काही मोजलं. 25 मुलगे आणि 25 मुलींना भराभर 100 शब्द लिहायला सांगितले. मुलींच्या यादीत कपडे, खाद्यपदार्थ जास्त आले, आणि त्यावरून त्याने स्त्रीमनाचा स्वभाव सांगितला: जवळचं, सजावटीचं, तयार वस्तूंकडे ओढ असलेलं. वेलस्लीत कॅल्किन्सबाईंच्या देखरेखीखाली कॉर्डेलिया नेव्हर्सने तोच प्रयोग मुलींवर पुन्हा केला. आकडे जुळले नाहीत. पण कॅल्किन्सबाईंचा खरा मुद्दा आकड्यांच्याही पुढचा होता. पाळण्यापासून ज्यांना वेगवेगळं वाढवलं, त्यांच्यात उपजत काय आणि शिकवलेलं काय, हे अशा याद्यांवरून कसं वेगळं काढणार?

याचं उत्तर शोधायला शिकागोत हेलन थॉम्पसन बसली. 1898 ते 1900 या काळात, ऐन विशीत, तिने 25 पुरुष आणि 25 स्त्रिया घेतल्या. सगळे शिकागो विद्यापीठातलेच, कारण शिक्षण सारखं नसेल तर तुलनेला अर्थ उरत नाही, हे तिने ओळखलं होतं. स्पर्श, चव, वास, ऐकणं, दिसणं, हालचालींचा वेग, पाठांतर, कोडी, भावना असं सगळं तिने तपासलं. पाठांतरात स्त्रिया सरस ठरल्या. वेगात आणि कोडी सोडवण्यात पुरुष पुढे होते. 1903 मध्ये तिचा प्रबंध पुस्तकरूपाने आला.

त्या पुस्तकात मी मुलांना काही दाखवत असेन, तर ते वक्र. नुसत्या सरासऱ्या न देता थॉम्पसनने पन्नासही जणांचे गुण पसरून मांडले. दोन्ही वक्र जवळजवळ एकमेकांवर बसतात, आणि एका गटातल्या माणसामाणसांतलं अंतर दोन गटांमधल्या अंतराहून कितीतरी मोठं दिसतं. जो फरक उरला, त्यातला बराचसा तिने वाढवण्याच्या रीतीकडे बोट दाखवून समजावला: मुलग्याला स्वतःचं डोकं चालवायला प्रोत्साहन, मुलीला ऐकण्याची सवय. 1910 साली, लग्नानंतर वुली हे आडनाव लावून, तिने या विषयावरच्या संशोधनाचा आढावा लिहिला आणि शास्त्राच्या नावाखाली इथे किती पूर्वग्रह खपवले जातात, ते सडेतोड सांगितलं.

मग मुलींची स्मरणशक्ती चांगली, हे खोटं का? नाही. 2019 मध्ये स्टॉकहोमच्या आग्नेटा हेरलित्झ आणि सहकाऱ्यांनी 617 अभ्यास, 12 लाखांहून अधिक माणसं एकत्र मोजली. घडलेल्या, पाहिलेल्या गोष्टी आठवण्यात स्त्रिया थोड्या पुढे निघाल्या. शब्द, चेहरे, वास यांत त्यांची बाजू वरचढ. वाटा-रस्ते आठवण्यात पुरुषांची. एकंदर फरक प्रमाणित विचलनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे वाटेल ती एक बाई आणि वाटेल तो एक पुरुष अशा 100 जोड्या घेतल्या, तर सुमारे 55 जोड्यांत बाईचं स्मरण सरस निघेल, 45 जोड्यांत पुरुषाचं. हा हिशेब मी फळ्यावर करून दाखवत असे आणि मग जर्नलं परत देत असे, निष्कर्ष नव्याने लिहून आणायला.